लहरी सगळ्यांच्या, रेंज कुणाची?

मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावात एक 'रेंजचा दगड' आहे. कब्रस्तानाच्या मागचं टेकाड चढून गेलं की सपाट कातळ लागतो. त्यावर विशिष्ट जागी उभं राहिलं की फोनवर दोन काड्या दिसतात. चार पावलं इकडंतिकडं झालं की त्या जातात. गावातली निम्मी पुरुष मंडळी आखातात. त्यामुळं संध्याकाळी अस्रच्या नमाजनंतर त्या कातळावर रांग लागायची. कुणी कुवैतला बोलतोय, कुणी दोहाला. माझी खाला गुडघेदुखीमुळं वर चढू शकत नव्हती. मुलाचा आवाज तिला आठवड्यातून एकदाच, कुणी हात धरून वर नेलं तर ऐकायला मिळायचा.

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि त्या कातळाचं महत्त्व एकदम वाढलं. खालाची दोन नातवंडं. मोठा बारावीला, धाकटी दहावीला. शाळेतून व्हिडिओ आणि गृहपाठ फोनवर यायचे. फोन एकच. मोठा रोज टेकाडावर जायचा, आपले तास बघायचा आणि जमलं तर बहिणीचे व्हिडिओ उतरवून आणायचा. पंधरा वर्षांची मुलगी एकटी टेकाडावर पुरुषांच्या घोळक्यात तासन् तास कशी बसणार, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर सगळे पास झाले, तशी तीही झाली. पण गणिताचं ते वर्ष गेलं ते गेलंच. सायन्सला जायचं म्हणत होती, शेवटी आर्ट्सला गेली.

आमच्यासारख्या गावांची गोष्ट नवी नाही. त्याच काळात कोकणातल्याच एका कॉलेजकन्येनं डोंगरावर खोपटं बांधून अभ्यास केल्याची बातमी गाजली होती. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण तिला डोंगरावर जायची वेळ का आली, हा सवाल कौतुकात हरवला.

मी स्वतः बरीच वर्षं असंच समजत होतो, की कंपन्या कंजूष आहेत, त्यांना गावात टॉवर उभा करायचा नाही. ते काही खोटं नाही. पण टॉवरच्या आधी एक गोष्ट येते आणि ती कंपनीच्या मालकीची नसते. ती आहे रेडिओ लहर, म्हणजे ज्याला आपण 'स्पेक्ट्रम' म्हणून ओळखतो. टू-जी घोटाळ्याच्या बातम्यांमुळं हा शब्द मराठी वाचकाला पाठ आहे. मात्र त्याचा संबंध तिजोरीशी आणि तुरुंगाशी जोडला गेला. आपल्या टेकाडाशी कुणी जोडला नाही.

ढोल आणि ताशा

लहरींचं शास्त्र अवघड वाटतं, पण कोकणातल्या माणसाला ते कानानं माहीत असतं. मोहर्रम असो की शिमगा, पलीकडच्या वाडीतली मिरवणूक आधी ढोलाच्या घुमण्यावरून कळते. ताशाची कडकड जवळ आल्यावरच ऐकू येते. जाड, खालचा आवाज लांब जातो, भिंती आणि झाडं ओलांडतो. बारीक, वरचा आवाज लवकर विरतो. मोबाइलच्या लहरींचंही साधारण तसंच आहे. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर पोचतात, डोंगराच्या कडेवरून थोड्या वळतात, घराच्या भिंतीतून आत शिरतात. २१०० किंवा २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी तेवढ्या पोचत नाहीत. ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या तर अगदी गल्लीपुरत्या.

याचा अर्थ पैशात मोजायचा तर असा: वरच्या लहरींवर एखादा तालुका झाकायला जितके टॉवर लागतील, त्याच्या काही हिश्श्यात खालच्या लहरींवर भागतं. प्रत्येक टॉवर म्हणजे जागेचं भाडं, वीज, डिझेल, बॅटऱ्या, देखभाल आणि तिथपर्यंत आणलेली केबल. गावात गिऱ्हाईक विरळ, रिचार्ज लहान. टॉवर कमी लागले तर हिशेब कसाबसा बसतो, जास्त लागले की बसतच नाही. म्हणून जगभर ग्रामीण इंटरनेटसाठी खालच्या लहरी सर्वांत मोलाच्या मानल्या जातात.

दुसरी गोष्ट रुंदीची. लहरी किती खाली आहेत यावर त्या किती लांब जातील ते ठरतं. कंपनीकडं किती मेगाहर्ट्झ आहेत, यावर एका वेळी किती माणसं किती वेगानं नेट वापरतील हे ठरतं. कालवा किती लांब आहे आणि किती रुंद आहे, असे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भारतात दोन्ही बाबतींत हात आखडता राहिला. एके काळी एका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या आणि नव्या कंपनीला जीएसएमसाठी सुरुवातीला अवघे ४.४ मेगाहर्ट्झ मिळत. एवढ्याशा पाटात फोनवरचं बोलणं कसंबसं वाहायचं. इंटरनेट कुठून वाहणार?

मालक कोण?

या लहरी आहेत कुणाच्या? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ रोजीच देऊन ठेवलंय. निमित्त क्रिकेटचं होतं. १९९३ च्या हिरो कपच्या सामन्यांचं प्रक्षेपण कुणी करायचं, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. न्यायालयानं सांगितलं की लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचं नियमन लोकांच्या हितासाठी सार्वजनिक यंत्रणेनं करायला हवं. हा निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढं २००२ च्या गुजरात दंगलींची चौकशी करणाऱ्या नागरी न्यायाधिकरणात त्यांनी काम केलं, म्हणून आपल्या वाचकांना त्यांचं नाव वेगळं सांगायला नको.

म्हणजे कायद्यानं सरकार हे लहरींचं मालक नाही, विश्वस्त आहे. ज्यांना वक्फच्या जमिनींचा अनुभव आहे त्यांना मालक आणि मुतवल्ली यांतला फरक लगेच कळेल. मुतवल्लीनं मालमत्ता चांगल्या भावानं भाड्यानं दिली, एवढ्यानं त्याची जिम्मेदारी संपत नाही. ज्यांच्यासाठी ती मालमत्ता आहे त्यांच्यापर्यंत फायदा पोचला का, हा खरा सवाल असतो.

२००८ च्या जानेवारीत या विश्वासाला तडा गेला. 'पहिला येईल त्याला' या नावाखाली २००१ च्या दरानं परवाने आणि सोबत लहरी वाटण्यात आल्या. कॅगनं २०१० मध्ये १ लाख ७६ हजार कोटींच्या संभाव्य नुकसानीचा आकडा मांडला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले. वाटपात मनमानी झाली होती, ते रद्द होणं योग्यच होतं.

मात्र त्यातून आपण धडा अर्धाच घेतला. लहरी फुकट वाटणं म्हणजे घोटाळा, म्हणून जास्तीत जास्त किमतीला विकणं म्हणजे प्रामाणिकपणा, असं समीकरण रूढ झालं. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत देताना न्यायालयानं स्पष्ट केलं होतं, की नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा लिलाव हा एकमेव मार्ग नाही. संविधानाच्या ३९ (ब) कलमातलं सार्वजनिक हित ही खरी कसोटी आहे. हे मत फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. अर्थसंकल्पात लहरींच्या लिलावाची रक्कम आधीच धरली जाऊ लागली. आणि एकदा ती धरली की तूट भरून काढणं हाच लिलावाचा हेतू होऊन बसतो.

सहा वर्षं पडून

२०१० मध्ये थ्री-जीचा लिलाव झाला. ३४ दिवस, १८३ फेऱ्या. सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी मिळाले. मुंबईतल्या फक्त ५ मेगाहर्ट्झच्या जोडीला सुमारे ३,२४७ कोटी मोजले गेले. जपानमध्ये थ्री-जी २००१ मध्येच सुरू झालं होतं. आपल्याकडं नऊ वर्षांनी लहरी मिळाल्या, त्याही इतक्या थोड्या की एकाही खासगी कंपनीला पूर्ण देशभराच्या लहरी घेता आल्या नाहीत. कर्ज काढून घेतलेल्या लहरींचे पैसे वसूल करायचे तर आधी कुठं जाणार? मुंबई, दिल्ली, पुणे, बंगळुरू. २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सरासरी अडीचशे रुपयांहून जास्त पडत. खालाच्या गावात हा विषयच नव्हता.

त्याच २०१० मध्ये ब्रॉडबँडसाठी २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचाही लिलाव झाला. देशभराच्या लहरी घेणाऱ्या एकमेव कंपनीनं त्यासाठी सुमारे १२,८४८ कोटी मोजले आणि ती कंपनी लगेच रिलायन्सनं ताब्यात घेतली. ग्राहकांसाठी सेवा सुरू झाली सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ या नावानं. जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मधली सहा वर्षं देशभराच्या ब्रॉडबँडच्या लहरी एका घराच्या कपाटात होत्या आणि 'वापरा नाहीतर परत करा' असं ठणकावून सांगणारं कुणी नव्हतं.

आता ७०० मेगाहर्ट्झची कथा. गावांसाठी सर्वांत उपयोगी असा हा पट्टा. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो पहिल्यांदा लिलावात आला. ट्रायनं त्याची किंमत १८०० मेगाहर्ट्झच्या चौपट ठेवण्याची शिफारस केली होती. त्यानुसार देशभरासाठी एका मेगाहर्ट्झची किमान किंमत ठरली ११,४८५ कोटी. ५ मेगाहर्ट्झची एक जोडी घ्यायची तर ५७ हजार कोटींच्या वर. एकही बोली आली नाही. त्या लिलावात ठेवलेल्या एकूण लहरींपैकी जेमतेम ४१ टक्के विकल्या गेल्या.

मार्च २०२१ मध्ये किंमत ६,५६८ कोटींवर आणली. पुन्हा बोली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटींवर आली, म्हणजे पहिल्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश. तेव्हा जिओनं २२ ही सर्कलमध्ये १० मेगाहर्ट्झ घेतल्या. बाकीच्या कंपन्यांनी तेव्हाही त्या पट्ट्याला हात लावला नाही.

या तारखा पुन्हा एकदा बघा. २०१६ ते २०२२. याच सहा वर्षांत नोटबंदी झाली आणि सगळ्यांना ऑनलाइन पैसे द्यायला सांगण्यात आलं. याच काळात रेशनचा अंगठा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक पाहणी असं सगळं फोनवर आलं. याच काळात लॉकडाऊन लागलं आणि शाळा फोनमध्ये गेली. आणि याच सहा वर्षांत लांब पोचणाऱ्या सार्वजनिक लहरी कुणीही न वापरता हवेत पडून होत्या. पाणी साठवून ठेवलं तर उद्या वापरता येतं. धान्यही ठेवता येतं. लहरीचं तसं नाही. आजची न वापरलेली लहर उद्या दुप्पट होऊन मिळत नाही, ती आजच वाया जाते. सरकारनं जास्त किंमत मिळेल म्हणून वाट पाहिली. किंमत एक तृतीयांश झाली आणि सहा वर्षं गेली. दामही नाही, कामही नाही.

७०० मेगाहर्ट्झ स्वस्त असते तर आमच्या कातळामागं टॉवर उभा राहिलाच असता, असा दावा मी करत नाही. त्या वेळी या पट्ट्यावर चालणारे फोन कमी होते, असं कंपन्यांचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य होतं. पण फोन बनवणारे तरी कशाची वाट बघतात? बाजार उघडण्याची. बाजार उघडणं सरकारच्या हातात होतं.

ही चूक फक्त आपलीच नाही. २००० साली ब्रिटनच्या थ्री-जी लिलावात साडेबावीस अब्ज पौंड जमले आणि जगभरच्या अर्थमंत्र्यांचे डोळे दिपले. तेव्हापासून गरीब देशांनीही तसंच स्वप्न पाहिलं. घानानं २०१५ मध्ये ८०० मेगाहर्ट्झच्या लहरींना ६ कोटी ७५ लाख डॉलरची किमान किंमत लावली. शेवटी त्या एकाच, सर्वांत मोठ्या कंपनीनं घेतल्या. लहान कंपन्या बाहेर राहिल्या आणि मोठी आणखी मोठी झाली. जिथं तांब्याच्या तारांचे फोन कधी घरोघर पोचलेच नाहीत, तिथं इंटरनेटचा एकच रस्ता असतो, तो म्हणजे हवा. म्हणून लहरींच्या धोरणातली चूक श्रीमंत देशाला परवडते. तिथं घरात केबल असते. आपल्यासारख्यांना ती परवडत नाही.

कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न पाण्याच्या भाषेत चटकन समजेल. धरण सरकारी, कालवा सरकारी, पाणी सर्वांचं. पण मुखाजवळचा शेतकरी ऊस घेतो आणि शेपटाकडच्याला, म्हणजे 'टेल'च्या शेतकऱ्याला, ज्वारीपुरतंही पाणी पोचत नाही. कागदावर दोघंही लाभधारक. म्हणून पाणी वापर संस्थांच्या चळवळीनं एक साधी मागणी लावून धरली: पाणी आधी टेलला द्या, मग हेडकडं या.

लहरींच्या बाबतीत आपण नेमकं उलट केलं. एक तर लहरी संपूर्ण सर्कलच्या विकल्या जातात. मुंबई वगळता सारा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. कंपनीनं पुण्यात आणि नागपुरात लहरी वापरल्या, गडचिरोलीत आणि मंडणगडात वापरल्या नाहीत, तरी त्या गडचिरोलीतही तिच्याच राहतात. दुसऱ्या कुणाला त्या वापरायला मिळत नाहीत. दुसरं म्हणजे अटी. सेवा कुठवर न्यायची याच्या अटी होत्या, पण त्या मुख्यतः जिल्ह्याची ठिकाणं आणि मोठी गावं मोजणाऱ्या. वाडीपाड्यापर्यंत अट पोचलीच नाही, मग लहर कशी पोचणार?

जर्मनीनं २०१० मध्ये ८०० मेगाहर्ट्झचा लिलाव केला तेव्हा टेल टू हेडचाच नियम लावला. पाच हजारांपेक्षा कमी वस्तीच्या, नेट नसलेल्या गावांना आधी सेवा द्या, तिथलं काम ठरलेल्या प्रमाणात पूर्ण झालं की मगच क्रमानं मोठ्या शहरांत त्या लहरी वापरा. श्रीमंत देशाची गोष्ट म्हणून ती सोडून द्यायची असेल तर ब्राझीलकडं बघा. २०२१ च्या फाइव्ह-जी लिलावात ब्राझील सरकारनं रोख रक्कम थोडी घेतली आणि लिलावाच्या किमतीचा मोठा भाग कामाच्या रूपात मागितला. महामार्गांवर, दूरच्या वस्त्यांत नेट न्या आणि सरकारी शाळा जोडा. मेक्सिकोनं त्याही पुढचं पाऊल टाकलं. मोठ्या कंपन्या जिथं जायला तयार नव्हत्या अशा ओहाका आणि इतर राज्यांतल्या आदिवासी गावांच्या संस्थेला २०१६ मध्ये 'सामाजिक' परवाना देऊन लहरी थेट वापरू दिल्या. गावांनी स्वतःचं लहानसं मोबाइल जाळं चालवलं.

आपल्याकडंही अक्कल कमी नव्हती. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी पालघर जिल्ह्यातल्या काही गावांत 'ग्राम मार्ग' नावाचा प्रयोग केला. दूरदर्शनच्या टॉवरसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १५ चॅनेल बसतात. त्यांतले किमान १२ देशात जवळपास सगळीकडं रिकामे आहेत, हे त्यांच्याच अभ्यासातून दिसलं होतं. त्या रिकाम्या लहरींवरून त्यांनी गावांना नेट पोचवून दाखवलं. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रयोगाला बक्षीसही मिळालं. बक्षीस मिळालं, पण प्रयोगाला मोठं करणारी परवानगी आणि धोरण मिळालं नाही. पालघर मुंबईपासून शंभर किलोमीटरवर आहे. दिल्लीपासून मात्र ते फार लांब पडतं.

मोहल्ल्यातली गर्दी

हा फक्त खेड्याचा प्रश्न आहे असं समजू नये. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा या वस्त्यांत टॉवर डोळ्यांसमोर असतो, फोनवर काड्याही पूर्ण असतात, पण संध्याकाळी सातनंतर व्हिडिओ फिरत राहतो. इथं लहर पोचते, पण रुंदी अपुरी पडते. एका इमारतीत शंभर कुटुंबं, कुणाकडं घरगुती वायफाय नाही, सगळा भार मोबाइलवर. पॉश सोसायटीत माणूस घरी आला की त्याचा फोन वायफायवर जातो आणि टॉवर मोकळा होतो. मोहल्ल्यात माणूस घरी आला की टॉवरवरचा भार वाढतो. मुंब्र्यात एका नातेवाइकाकडं मी राहिलो होतो. त्यांचा मुलगा स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ पहाटे चार वाजता उठून बघायचा. फजरची इतकी पाबंदी कधीपासून, असं मी गमतीनं विचारलं. म्हणाला, "चाचा, यावेळी नेट पळतं."

खेड्यात खालच्या लहरींची वानवा, मोहल्ल्यात रुंदीची. दोन्हीकडं गरिबाला वेळ आणि जागा बदलून नेट मिळवावं लागतं. एकानं टेकाड चढायचं, दुसऱ्यानं पहाटे उठायचं. आणि जिला टेकाडावर जायची मुभा नाही, तिनं भावाची वाट बघायची. लहर घरात पोचत नाही तेव्हा पहिला बळी जातो तो घराबाहेर न पडू शकणाऱ्यांचा. मुली, म्हातारी माणसं, आजारी, अपंग. 'डिजिटल दरी' या शब्दाखाली हे सगळे झाकले जातात.

आक्षेप घेणाऱ्यांसाठी

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की लिलाव नको म्हणजे पुन्हा २००८ चा कारभार. मी लिलाव नको म्हणतच नाही. लिलावात रुपयांऐवजी कामाची बोली लावा, एवढंच म्हणतो. कोण किती वाड्या, किती शाळा, किती आरोग्य केंद्रं किती दिवसांत जोडेल, याची उघड बोली लावता येते. त्यातही पारदर्शकता असते, कदाचित जास्तच. कारण रक्कम बँकेत जाते आणि दिसेनाशी होते. टॉवर मात्र गावाला दिसतो. आणि लिलावाशिवाय वाटपच करायचं नाही असं सरकारचंही म्हणणं नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं उपग्रहसेवा आणि बीएसएनएलसारख्यांना लिलावाशिवाय लहरी देण्याची सोय केलीच आहे. मग एखाद्या तालुक्याच्या सहकारी संस्थेला का नको?

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. लिलावात दिलेले पैसे एकदा गेले की गेले, त्याचा पुढच्या दरांवर परिणाम होत नाही, असं ते म्हणतात. पुस्तकात हे ठीक आहे. व्यवहारात ते पैसे कर्जाऊ असतात आणि त्यावर व्याज असतं. कर्जाच्या आणि सरकारी देण्यांच्या ओझ्याखाली एकामागून एक कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. डझनभर होत्या, तिथं आज तीन खासगी आणि एक सरकारी उरली. सरकारलाही सप्टेंबर २०२१ मध्ये थकबाकीवर चार वर्षांची सवलत द्यावी लागली. आधी चढी किंमत लावायची, मग ती फेडता येत नाही म्हणून सवलत द्यायची, हा कुठला हिशेब?

आणि गावांसाठी वेगळी तजवीज होतीच की, असंही कुणी म्हणेल. होती. २००२ पासून कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा ग्रामीण सेवेच्या निधीसाठी घेतला जातो. त्याचं नाव आता 'डिजिटल भारत निधी' आहे. तरीही जुलै २०२२ मध्ये केंद्रानं स्वतःच २४,६८० गावांत फोर-जी नसल्याचं मान्य करून २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. त्याचं काम बीएसएनएलकडं दिलं, आणि त्या बीएसएनएलला स्वतःच्या फोर-जीसाठी खासगी कंपन्यांच्या मागून कित्येक वर्षं थांबावं लागलं. शेपटाकडच्या शेतकऱ्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्यालाच सर्वांत शेवटी पाणी सोडलं.

काय करता येईल

मागण्या मोठ्या नाहीत. लहरी सर्कलऐवजी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या हिशेबानं मोजा. ज्या तालुक्यात कंपनीनं ठरलेल्या मुदतीत लहर वापरली नाही, तिथं ती दुसऱ्याला वापरू द्या. न वापरलेल्या लहरी परत घेण्याचा अधिकार २०२३ च्या कायद्यानं सरकारला दिला आहे, तो वापरा. पुढच्या लिलावांत खालच्या पट्ट्यांना टेल टू हेडची अट घाला. दूरदर्शनच्या रिकाम्या लहरी ग्रामपंचायती, शाळा, सहकारी संस्था यांच्यासाठी हलक्या परवान्यावर खुल्या करा. आणि ट्रायच्या नियमानुसार कंपन्या कव्हरेजचे जे नकाशे प्रसिद्ध करतात, ते ग्रामसभेत मांडून तपासा. नकाशात रंग भरलाय आणि वाडीत रेंज नाही, असं असेल तर ठराव करून तसं कळवा.

शेवटची मागणी आपल्या स्वतःकडं आहे. मुस्लिम समाजाच्या सभांत शिक्षण, आरक्षण, सुरक्षितता यांवर बोललं जातं आणि बोललंच पाहिजे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज ज्या लहरीवरून जातो, तिचा प्रश्न आपण अजून आपला मानत नाही. तो इंजिनिअरांचा आणि कंपन्यांचा विषय म्हणून सोडून देतो. रस्त्यासाठी, पाण्यासाठी, एसटीसाठी आमदाराला निवेदन देतो, तसं रेंजसाठी किती गावांनी दिलं?

मागच्या ईदला गावी गेलो होतो. शेजारच्या गावात नवा टॉवर झालाय. खालाच्या ओटीवर आता एक काडी येते, अधूनमधून दोन. मुलाशी व्हिडिओवर बोलताना चेहरा गोठतो, पण आवाज येतो. खाला त्यातच खूश आहे. तिची नात तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करते. मी सहज विचारलं, "आता गणित सुटतं का गं?" ती हसली आणि म्हणाली, "मामू, आता रेंज आलीय, पण गणित गेलं."